बिघाड तारेत, शिक्षा यंत्राला

धर्माबाद म्हणजे मिरचीची बाजारपेठ. आडतीच्या गादीपासून गोदामापर्यंत इंटरकॉमच्या दोन तारा टांगलेल्या असतात. त्यात खरखर सुरू झाली की जाणकार म्हणवणारे एकच सल्ला देतात: ईपीएबीएक्स, म्हणजे इंटरकॉम जोडणारे भिंतीवरचे यंत्र, भंगारात घाला, इंटरनेटवरचे फोन बसवा.

या पक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. जुन्या यंत्रांची कार्डे मिळेनाशी झाली आहेत. तांब्याच्या लँडलाइनला वाली उरलेला नाही. उलट इंटरनेटवर नांदेड-हैदराबादच्या शाखा एका व्यवस्थेत येतात, आणि फिरतीवरचा माणूस मोबाइलवरून ऑफिसच्या नंबराने बोलू शकतो. शेवटचे दोन्ही लाभ निर्विवाद आहेत. ज्यांच्या शाखा चार गावांत आहेत, त्यांनी खुशाल बदल करावा.

पण ज्यांचा सारा कारभार एकाच आवारात आहे, त्यांचे काय? मुनीमजी गोदामात फोन लावतात तेव्हा तो भिंतीवरच्या डब्यातच जोडला जातो. बाहेरच्या लाइनशी त्याचा संबंधच येत नाही. क्लाउडवरच्या सेवेत हाच फोन इंटरनेटच्या भरवशावर राहतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, की गादी आणि गोदाम यांची बोलाचाली बंद! याला सुधारणा म्हणायचे?

आणि यंत्र निकामी झाले, हे निदान केले कोणी? क्रोनवरून, म्हणजे यंत्राजवळच्या तारा जोडायच्या पट्टीवरून, खरखरणाऱ्या एक्स्टेन्शनच्या तारांची जोडी काढा आणि चांगला फोन थेट तिथेच लावून पाहा. आवाज स्वच्छ आला तर यंत्र निर्दोष. दोष पुढे आहे: ओल धरलेला जोड, उंदराने कुरतडलेली वायर, हिरवा पडलेला स्क्रू. ही तपासणी न करता दिलेले कोटेशन म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध.

अंतराचा मुद्दा तर कोणी काढतच नाही. आयपी फोनच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे मध्ये स्विच हवा आणि त्या स्विचला वीज हवी, नाहीतर फायबर ओढा. साधा इंटरकॉम दोन तारांवर किलोमीटरभर सहज बोलतो. टोकाच्या फोनला वेगळी वीज लागत नाही. विक्रेत्याने मार्केट यार्डातली गोदामे एकदा पायी फिरून पाहावीत.

‘मोबाइल आहेच की प्रत्येकाकडे!’ आहे. पण मोबाइल माणसाचा असतो, एक्स्टेन्शन जागेचे. गोदामाचा फोन तिथे जो हजर असेल तो उचलतो.

उरली बाहेरची लाइन. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजची ४८ व्होल्टची वीज यायची, म्हणून लाइट गेली तरी साधा फोन चालायचा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. तेव्हा फायबर जरूर घ्या, मोडेम इन्व्हर्टरवर ठेवा आणि त्याच्या फोन-पोर्टची तार जुन्याच ईपीएबीएक्सला बाहेरच्या लाइनच्या जागी जोडा. काम भागले.

मुख्य कार्डच जळाले आणि सुटा भाग कुठेच मिळत नसेल, तर बदल अटळ आहे. तिथे माझा वाद नाही. तोवर, वाचकहो, कोटेशन घेऊन येणाऱ्याकडे एवढेच मागा: बिघाड नेमका कुठे आहे, ते आधी लेखी द्या.