परसबागेतील नवी फूट आणि फुलोरा: सप्टेंबर ते नोव्हेंबरमधील काळजी

पाऊस ओसरून ऊन तापू लागले की परसबागेतील बहुतेक झाडे नवी फूट काढतात. जमिनीत ओल आणि भरपूर सूर्यप्रकाश असल्याने वाढ जोमदार होते. मात्र हीच कोवळी पालवी किडींना आवडते. परसातील एकदोन झाडांकडे दुर्लक्ष झाले तर कीड तिथे टिकून राहते आणि जवळच्या संत्रा, मोसंबी, लिंबू बागांतही पोहोचते.

कागदी लिंबू व कढीपत्ता

लिंबाला या काळात येणाऱ्या फुलांना हस्त बहार म्हणतात. त्याची फळे उन्हाळ्यात, मागणी जास्त असताना मिळतात. नव्या फुटीवर पुढील किडी पाहाव्यात.

- पाने पोखरणारी अळी: पानावर नागमोडी चंदेरी रेषा दिसतात. या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज शिरतात.
- सिट्रस सायला: पिल्ले व प्रौढ कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतात. ही कीड ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते.
- फुलपाखराची अळी: लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. हाताने वेचून नष्ट करावी.

सायला व फुलपाखराची अळी कढीपत्त्यावरही वाढतात. त्यामुळे दोन्ही झाडांची पाहणी एकाच वेळी करावी.

उपाय: ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी व एकूण द्रावण १० लिटर करावे. त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा. मधमाश्यांची ये-जा थांबल्यावर, संध्याकाळी फवारणी करावी. कढीपत्ता धुऊनच वापरावा. या काळात युरिया जास्त देऊ नये. फूट लुसलुशीत होऊन कीड वाढते.

फुलझाडे

- शेवंती: दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरतात. अंगणातील दिवा रात्रभर झाडावर पडत असेल तर कळ्या लांबतात. कुंडी अंधाऱ्या जागी हलवावी. कळ्या दिसू लागल्यावर शेंडे खुडू नयेत.
- गुलाब: पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी करावी. रोगट व वाळलेल्या फांद्या काढून कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. साधारण ६ ते ७ आठवड्यांत फुले येतात.
- झेंडू: उमललेली फुले वेळेवर तोडावीत. झाडावर बी धरले की नव्या कळ्या कमी येतात.

पाणी: वरची माती सुकल्यावरच बुंध्यापासून थोडे दूर पाणी द्यावे. ऑक्टोबरच्या उन्हात पालापाचोळ्याचे आच्छादन उपयोगी पडते.

विस्तार कार्यकर्त्यांनी लिंबूवर्गीय फळबागांच्या भेटीत शेतकऱ्याच्या घराजवळील लिंबू व कढीपत्ताही तपासावा. आठवड्यातून एकदा नव्या पानांची खालची बाजू पाहिली तरी प्रादुर्भाव सुरुवातीलाच लक्षात येतो.