लिथियमची संयुगे आणि संवर्धित यकृतपेशी

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याचा लिथियम कार्बोनेट हा क्षार बायपोलर या मनोविकारावर गोळ्यांच्या रूपात दिला जातो. ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांच्या १९४९ मधील शोधनिबंधापासून या उपचाराचे आधुनिक पर्व सुरू झाले. हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागत असल्याने यकृतावरील त्याच्या परिणामाची शंका रुग्णांना वाटणे स्वाभाविक आहे.

अशा परिणामांचा अभ्यास शरीराबाहेर, पोषकद्रवात ३७ अंश सेल्सिअस तापमानाला वाढवलेल्या पेशींवर केला जातो. संशोधकांना अशा पेशी पुरवणारी पेढी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आहे. यकृतासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘हेप-जी-२’ पेशी मूळच्या यकृताच्या गाठीतील आहेत. त्यामुळे त्या अखंड वाढतात. मात्र निरोगी यकृतपेशीतील काही विकरे त्यांच्यात अल्प प्रमाणात असतात.

प्रयोगात बहुधा लिथियम क्लोराइड वापरतात. परिणाम निव्वळ मिठाचा नाही, हे ताडण्यासाठी दुसऱ्या बशीत तेवढेच सोडियम क्लोराइड घालतात. लिथियम ‘जीएसके-३’ या विकराला रोखते, असे पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवले. हे विकर ग्लायकोजेन तयार करणाऱ्या यंत्रणेला लगाम घालते. तो लगाम सुटताच यकृतपेशी ग्लुकोजपासून अधिक ग्लायकोजेन बनवून साठवू लागतात. इन्सुलिनही याच विकराला आवर घालते. लिथियमची मात्रा फार वाढवल्यास पेशींचे विभाजन मंदावल्याचेही दिसते.

येथे मात्रेचा विचार निर्णायक ठरतो. रुग्णाच्या रक्तात लिथियम साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल राखले जाते. बशीत ते अनेकदा १० ते २० मिलिमोल असते. रक्तात इतके लिथियम प्राणघातक ठरेल. म्हणून बशीतील निष्कर्ष पेशीची कार्यपद्धती उलगडतो. औषधाने यकृत बिघडते वा सुधारते, याचा पुरावा तो नव्हे.

शिवाय लिथियमचे विघटन यकृतात होत नाही. ते जवळजवळ सर्वच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी व मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातील पातळी वाढते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या तापीकाठच्या बऱ्हाणपुरात, तसेच घामाने निथळवणाऱ्या किनारपट्टीवरही, रुग्णाला खरा धोका येथे असतो. जुलाब, उलट्या किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळेही ही पातळी चढते. हातांची वाढती थरथर, तोल जाणे, जीभ अडखळणे ही विषबाधेची लक्षणे असून, ती दिसताच तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

लिथियमच्या रुग्णांनी रक्तातील पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी करून घ्यावी. यकृताच्या धास्तीने गोळ्या परस्पर थांबवल्यास मूळ विकार उसळण्याचा धोका असतो. त्यामुळे मात्रेतील कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.