एलिझाबेथ झिमरमन : सुईवरचे स्वातंत्र्य

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, ताम्रपट आणि तहनामे उभे राहतात. जे लिहिले गेले, कोरले गेले ते टिकले आणि जे टिकले त्याचाच इतिहास झाला. लोकरीच्या विणकामाचे दुर्दैव असे की त्याची साधने मुळातच नश्वर आहेत. स्वेटर अंगावर झिजतो, त्याला कसर लागते, आखूड झाला की तो उसवला जातो आणि त्याचीच लोकर धाकट्या भावंडाच्या मोज्यांत जाते. विणणारीचे नाव कोठेच राहत नाही. म्हणूनच या कलेतील एखाद्या व्यक्तीचे चरित्र, तिचे विचार आणि तिच्या कृती तारखांसह हाती येतात, तेव्हा बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे पाठ फिरवू नये. आज आम्ही असेच एक चरित्र श्रोत्यांपुढे मांडणार आहोत.

एलिझाबेथ झिमरमन यांचा जन्म १९१० साली इंग्लंडात झाला. त्यांचे कलाशिक्षण स्वित्झर्लंडमधील लोझान आणि जर्मनीतील म्युनिक येथे झाले. आर्नोल्ड झिमरमन या जर्मन गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला. बिअर गाळण्याच्या धंद्यातले ते जाणते तंत्रज्ञ होते. हिटलरी राजवटीशी त्यांचे पटणे शक्य नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच हे दांपत्य अमेरिकेत गेले आणि बऱ्याच भटकंतीनंतर विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावले. पुढे पिट्सव्हिल गावाजवळची एक जुनी शाळा हेच त्यांचे घर झाले. संसार, तीन मुले आणि हातात सतत सुया, असा हा वरवर पाहता अगदी साधा जीवनक्रम होता. त्यातून एका कलेला नवे वळण कसे मिळाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

युरोपात हाताने विणण्याची विद्या शतकानुशतके तोंडी आणि हातोहात चालत आली. मोजे, टोप्या, कोळ्यांचे जाड अंगरखे हे सारे चार-पाच सुयांवर गोल, नळीसारखे विणले जाई. त्याला छापील कृतीची गरज नव्हती. आई विणताना मुलगी पाही आणि शिके. एकोणिसाव्या शतकात मात्र मध्यमवर्गीय स्त्रियांच्या हाती लोकर आली आणि तिच्यामागोमाग पुस्तके आली. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांचे पुस्तक १८४० साली निघाले आणि बरेच खपले. पुढे मासिकांतून कृतींचा पूरच आला. छापील कृतीने विद्या दूरवर नेली, हा तिचा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु तिने एक नवी सवयही लावली. विसाव्या शतकातील कृती शिंप्याच्या बेतण्यासारख्या होऊ लागल्या. पाठ वेगळी, पोट वेगळे, बाह्या वेगळ्या, दोन सुयांवर सपाट विणायच्या आणि शेवटी शिवून जोडायच्या. जाताना सुलट, येताना उलट. कागदावर लिहिले असेल तेवढेच करायचे आणि का करायचे हे विचारायचे नाही.

आपल्याकडील एक उदाहरण येथे आठवते. पंडित भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत बसवून छापल्या. ते कार्य थोरच आहे. पण स्वरलिपी वाचता आली म्हणून कोणी गवई होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? कृती ही विणकामाची स्वरलिपी होय. झिमरमनबाईंचा सारा खटाटोप कागदावरील या स्वरलिपीमागचे गाणे विणणारीला परत मिळवून देण्याचा होता.

त्याचे निमित्तही मोठे बोलके आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आइल बेटावर दोन रंगांच्या धाग्यांनी नक्षी विणण्याची जुनी रीत आहे. त्या धर्तीवर, गळ्याभोवती नक्षीचा वर्तुळाकार पट्टा असलेल्या स्वेटरची कृती बाईंनी एका अमेरिकन मासिकाला दिली. त्यांनी तो स्वेटर गोल विणला होता. संपादकांनी वाचकांना सोपे जावे म्हणून ती कृती बदलून सपाट विणण्याची केली. वरवर पाहता फरक किरकोळ वाटेल. पण गोल विणताना नक्षीची सुलट बाजू सतत डोळ्यांपुढे असते आणि चुकलेला टाका तत्काळ दिसतो. सपाट विणताना एक ओळ आड नक्षी पाठमोरी होते आणि दोन रंग सांभाळत उलट टाके घालावे लागतात. सोपे करण्याच्या नावाखाली संपादकांनी काम अवघड करून ठेवले होते! बाईंनी तक्रारीत वेळ दवडला नाही. १९५८ साली त्यांनी स्वतःचे छोटे वार्तापत्र काढले आणि त्यात आपली कृती आपल्या पद्धतीने छापली. पुढच्याच वर्षी ‘स्कूलहाउस प्रेस’ हा त्यांचा घरगुती छापखाना-वजा-दुकान सुरू झाला. तेथून पुस्तके, लोकर आणि सुया टपालाने जाऊ लागल्या.

आता त्यांच्या कृतींकडे वळू. त्यांचे सर्वांत मोठे देणे म्हणजे एक साधे त्रैराशिक होय. प्रथम आपल्या हाताने, आपल्या लोकरीने एका इंचात किती टाके बसतात ते मोजावे. त्यासाठी निरुपयोगी चौकोन विणण्यापेक्षा सरळ एक टोपी विणावी, म्हणजे मापही कळते आणि डोकेही झाकते, अशी त्यांची व्यवहारी शिकवण होती. समजा, इंचाला ५ टाके आले आणि छातीचा घेर ४० इंच हवा आहे. म्हणजे एकूण टाके २००. हे शंभर टक्के धरले की बाकी सारे त्यातून निघते. मनगटाला वीस टक्के, म्हणजे ४० टाके. दंडाला सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ६६. काखेत आठ टक्के, म्हणजे १६. गळ्याला चाळीस टक्के, म्हणजे ८०. अंगाची एक नळी आणि बाह्यांच्या दोन, अशा तीन नळ्या विणून काखेपाशी एकत्र आणायच्या आणि गळ्यापर्यंत कमी करीत जायचे. शिवण जवळजवळ नाहीच. लोकर जाड असो वा बारीक, माणूस सडपातळ असो वा भरदार, गणित तेच!

दुसरे उदाहरण गोल शालीचे. १९७४ सालच्या ‘निटर्स अल्मनॅक’ या पुस्तकात त्यांनी वर्षाच्या बारा महिन्यांना बारा प्रकरणे दिली. त्यांतील जुलैच्या प्रकरणात ही शाल आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. बाईंनी ते सुईवर आणले. मध्यभागी ९ टाके घालायचे आणि ते दुप्पट करायचे. मग ३ फेऱ्या साध्या विणून पुन्हा दुप्पट, ६ फेऱ्यांनंतर पुन्हा, १२ नंतर पुन्हा, २४ नंतर पुन्हा. मधल्या सपाट जागेत ज्याला जी जाळी आवडेल ती त्याने विणावी. गणितातील ‘पाय’ या संख्येचे नाव या शालीला मिळाले, ते सार्थच आहे.

तिसरी कृती १९६८ सालची, तान्ह्या बाळाच्या अंगरख्याची. ही सर्वस्वी सपाट आणि अखंड तुकड्यात विणली जाते. पुरी झाल्यावर हातात येते ती एक विचित्र, वेडीवाकडी आकृती. पण कागदाची होडी करावी तशी ती दुमडली, की दोन खांद्यांवर दोनच शिवणी घालून टुमदार झबले तयार होते! गोल विणण्याचा पुरस्कार करणाऱ्या बाईंनी आपल्याच सिद्धांताला वेठबिगार होण्याचे नाकारले, हेही यात दिसते.

आणि तरीही ‘मी शोध लावला’ असे म्हणणे त्या टाळीत. सुया आणि धागा यांचा खेळ इतका जुना, की आज सुचलेली युक्ती कोणा अनामिक बाईला पूर्वी सुचली नसेलच असे कोणी सांगावे? म्हणून त्यांनी ‘अनव्हेंट’ असा एक शब्दच घडविला. त्यात नव्याने निर्माण केल्यापेक्षा विस्मृतीतून उकरून काढल्याचा भाव आहे. इतिहासाच्या दृष्टीने आम्हांला ही विनम्रता फार मोलाची वाटते. नाव नसलेल्या पूर्वजांचे ऋण एका शब्दात मान्य करणारे कलावंत विरळाच.

१९७१ साली त्यांचे ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे पुस्तक निघाले. त्यापूर्वीच विस्कॉन्सिनच्या दूरचित्रवाणीवर त्यांनी विणकामाचे पाठ दिले होते. १९७४ पासून शिबिरे भरू लागली. त्यांचे काम कन्या मेग स्वॉन्सन यांनी पुढे चालविले. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी बाईंचे निधन झाले.

स्तुतीबरोबर विवेकही हवा. टक्केवारीचे गणित प्रत्येक देहाला बसतेच असे नाही. छाती वाढली म्हणून गळा त्याच प्रमाणात वाढत नाही आणि तेथे डोळसपणे फेरफार करावाच लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या शेटलंड बेटसमूहातील विणकामाची परंपरा त्यांनी आदराने उचलली, तेथील स्त्रिया एकोणिसाव्या शतकात पोटासाठी विणत होत्या. व्यापारी त्यांना पुष्कळदा रोख पैशाऐवजी माल देत, आणि या प्रथेची सरकारी चौकशी १८७२ साली झाली. हवे तसे विणण्याचे स्वातंत्र्य हे ज्याची चूल त्या सुईवर अवलंबून नाही त्याला सहज मिळते, हे विसरून चालणार नाही.

तथापि, झिमरमनबाईंचे वैशिष्ट्य त्यामुळे उणे होत नाही. कृती विकून चालणारा हा व्यवसाय. गिऱ्हाईक जितके परावलंबी तितका तो भरभराटीचा. अशा व्यवसायात राहून त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला स्वावलंबी होण्याची विद्या दिली. विणणाऱ्याने आपल्या विणकामाचे धनी व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. १९५८ ते १९६८ पर्यंतची त्यांची वार्तापत्रे २००५ साली एकत्र छापली गेली, म्हणून आज आपण हे सारे तारीखवार सांगू शकतो. आपल्या घरांतील वाकळा कोणी शिवल्या, बाळंतविड्यातील टोपडी कोणी विणली, कोणता टाका कोणत्या गावाहून सुनेबरोबर आला, याची अशी एक तरी वही आपल्यापाशी आहे काय? नसेल, तर ज्यांना हे ठाऊक आहे त्या आजीबाई अजून आपल्या घरांत आहेत. तोवर ती लिहायला घेतली पाहिजे.