दुकानाच्या घड्याळाखालीं

लॉस एंजेल्सच्या मध्यवस्तींत, ब्रॉडवेवर, ईस्टर्न कोलंबिया ही निळसर-हिरवी इमारत उभी आहे. १९३० सालीं क्लॉड बीलमन या वास्तुविशारदानें ती कपडे व घरसामान विकणाऱ्या दोन भगिनी-पेढ्यांसाठीं अवघ्या नऊ महिन्यांत उभारली. पेढ्या गेल्या. १९८५ सालीं शहरानें तिला ऐतिहासिक स्मारक ठरविलें आणि २००७ च्या सुमारास, जीर्णोद्धारानंतर, तींत १४७ ब्लॉक झाले. भाड्याचे नव्हेत, मालकीचे. मालकी मात्र आंतली! छप्पर, जिने, दर्शनी भिंती सर्वांच्या सामाईक. रस्त्याकडील खिडकी बदलावयाची तर सहमालकांची संमति हवी, शिवाय शहराच्या वारसाखात्याची मंजुरी. पैसे मोजून घेतलेल्या घरांत हें कोणासही जाचेल; परंतु त्या झिलईदार फरश्या शाबूत राहण्यास असाच जाच उपयोगी पडतो. रात्रीं मनोऱ्यावरील घड्याळ उजळतें आणि नसलेल्या दुकानाचें ‘ईस्टर्न’ हें नांव रहिवाशांच्या माथ्यावर झळकूं लागतें.