मेंदूतलं गळू

गुरुजी, आपल्या वर्गात एखाद्या पोराचा कान वाहत असेल. घरची माणसं कोमट तेल सोडतात आणि विसरतात. पण कानामागचं हाड नासलं, तर तो पू मेंदूत उतरतो.

त्यावरल्या इलाजाची कथा स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरापासून सांगतो. १८७६ साली डॉ. विल्यम मॅक्यूअन यांनी एका मुलाच्या मेंदूत गळू नेमकं कुठं आहे ते ओळखलं. कवटी उघडायला परवानगी मिळाली नाही. पोर गेलं. मागाहून पाहिलं, तर पू तिथंच! पुढं १८९३ च्या ग्रंथात त्यांनी अशा १९ शस्त्रक्रिया नोंदल्या; १८ रोगी वाचले. तेही पेनिसिलिन नसताना.

त्यांची रीत आपल्या केस्तुडासारखीच : तोंड करायचं, नळी ठेवायची. १९२६ साली अमेरिकेत डँडींनी बारीक भोकातून सुईनं पू ओढला. १९३६ साली पॅरिसचे व्हँसाँ आवरणासकट गळूच काढू लागले. मुळासकट काढणं ऐकायला बरं वाटतं. पण गळू खोल असलं, तर चांगला मेंदू दुखावतो. १९७० नंतर सीटी स्कॅन आलं, जागा अचूक दिसू लागली आणि सुईचंच पारडं जड झालं.

तेव्हा कान वाहणारं पोर डोकं धरून बसलं, ओकू लागलं, गुंगीत राहिलं, तर ताप नसला तरी थांबू नका. बारामती असो की इंदापूर, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, आणि कान वाहतो हे डॉक्टरांना आधी सांगा.