तोफेचा धक्का पचवणारी प्रतिक्षेप यंत्रणा

जबलपूर : गोळा पुढे सुटतो त्या क्षणी तोफेला तितक्याच जोराचा धक्का मागे बसतो. हा धक्का सोसण्याचे काम तोफेतील प्रतिक्षेप यंत्रणा (रिकॉईल) करते. 1904 मध्ये स्थापन झालेल्या येथील तोफगाडा कारखान्यात (गन कॅरेज फॅक्टरी) तयार होणाऱ्या 155 मिलिमीटर ‘धनुष’सारख्या अवजड तोफांमध्ये तिचे महत्त्व विशेष आहे.

सुमारे 43 किलो वजनाचा गोळा सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटतो, असे धरू. नळी व तिच्यासोबत सरकणाऱ्या भागांचे वजन तीन टन मानल्यास ते सेकंदाला 11 मीटरहून अधिक वेगाने मागे येतील. हा भाग 10 सेंटिमीटरमध्ये थांबवायचा झाल्यास तोफगाड्यावर सुमारे 200 टन भाराइतके बल येईल. तोच एक मीटर सरकू दिल्यास ते 20 टनांवर येते. दारूच्या वायूंमुळे प्रत्यक्ष धक्का याहून मोठा असतो.

म्हणूनच नळी गाड्यावर घट्ट न बसवता सरकती ठेवतात. नळी मागे येताना दट्ट्या सिलिंडरमधील तेलाला अरुंद छिद्रांतून ढकलतो. या विरोधामुळे गतीचे उष्णतेत रूपांतर होऊन वेग मंदावतो. त्याच वेळी दुसऱ्या सिलिंडरमधील नायट्रोजनसारखा वायू दाबला जातो व प्रसरण पावताना नळीला मूळ जागी परत नेतो. नळीच्या तोंडावरील ‘मझल ब्रेक’ वायूंना बाजूला व मागे वळवून धक्का कमी करतो. जमिनीत रुतणारे फाळ उरलेला भार पेलतात. नळी अधिक उंचावल्यावर तिचा मागचा भाग जमिनीवर आदळू नये, यासाठी अनेक तोफांत सरकण्याचे अंतर कमी करण्याची सोय असते.

पूर्वी प्रत्येक बारानंतर संपूर्ण तोफ मागे ढकलली जाई आणि जवानांना ती पुन्हा जागेवर आणून नेम धरावा लागे. फ्रान्सच्या 1897 च्या 75 मिलिमीटर तोफेने तेल व वायूवर चालणारी यंत्रणा यशस्वी करून जलद माऱ्याचा मार्ग खुला केला.

स्वीडनकडून 1986 च्या करारान्वये घेतलेल्या बोफोर्स तोफेवर ‘धनुष’ आधारित आहे. बोफोर्सची नळी 39 कॅलिबर, तर ‘धनुष’ची 45 कॅलिबर लांबीची आहे. 2017 मधील चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला लागल्याने या भागाच्या अचूक जुळणीचे महत्त्व अधोरेखित झाले. पुढील चाचण्यांनंतर 8 एप्रिल 2019 रोजी पहिल्या सहा तोफा जबलपूर येथे लष्कराकडे सोपवण्यात आल्या.

तेलगळती किंवा वायूचा दाब घटणे या यंत्रणेसाठी धोकादायक ठरते. नळी अपुरी परतल्यास मारा थांबतो. ती मर्यादेबाहेर मागे आल्यास तोफेचे नुकसान होऊन जवानांच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे तेल व दाबाची नियमित तपासणी तोफेच्या देखभालीतील अत्यावश्यक बाब मानली जाते.