परक्या देशातले घर

माणूस परदेशात स्थायिक झाला म्हणजे नेमके काय झाले? त्याला भाड्याची जागा मिळाली, की सोबती मिळाले? आम्ही युनियनमधली माणसे हा प्रश्न पॉल रोब्सन या अमेरिकन गायकाच्या चरित्राला विचारतो.

रोब्सनचे वडील जन्माने गुलाम होते. 1928 साली ‘शो बोट’ या संगीतिकेसाठी तो लंडनला आला आणि 1939 पर्यंत तेथे राहिला. हॅम्पस्टेडला घर झाले. 1930 साली ऑथेल्लोची भूमिका मिळाली. अमेरिकेच्या मानाने मोकळेपणा होता. तरीही एका बड्या हॉटेलाने, तो काळा म्हणून, त्याला जेवायला बसू दिले नाही. टाळ्या देणारे लंडन पंगतीला घेईलच असे नव्हते!

त्याच सुमारास वेल्सचे बेकार खाणकामगार लंडनच्या रस्त्यावरून गात चाललेले त्याला दिसले. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर गायला. ही सोबत पुढे सुटली नाही. स्पेनच्या यादवीत पडलेल्या 33 वेल्श वीरांच्या 1938 सालच्या स्मृतिसभेतही तो गायला.

1950 साली अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. 1957 साली पोर्थकॉलला खाणकामगारांचा गायनमेळा भरला, तेव्हा तो न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या टेलिफोन-तारेतून गायला आणि हजारो कंठांनी त्याला गाऊनच उत्तर दिले. पासपोर्ट परत मिळाला तो 1958 साली.

श्रोतेहो, आठ वर्षे त्याला त्या देशात पाऊल टाकता आले नाही. पण तिथल्या कामगारांनी त्याची जागा राखून ठेवली होती. स्थायिक होणे आम्ही म्हणतो ते याला.